पुन्हा हात ठेवणारा प्रभू



गेल्या आठवड्यात आम्ही मायलेकी कोसाडहून डोळ्यांच्या दवाखान्यात तक्रार घेऊन गेलो. नव्या चष्म्यातून साडीला खडे लावताना आईला रेघा वाकड्या दिसत. कॉन्टॅक्ट लेन्स घालून वाचताना मुलीचे डोके ठणके. "सवय होईल," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

मुलीचा चष्मा उणे 8 चा. लेन्सही तेवढ्याच नंबरची दिली होती. लेन्स थेट बुबुळावर बसते, म्हणून एवढ्या मोठ्या नंबरात तो थोडा कमी करावा लागतो, हे दुसरीकडे तपासले तेव्हा कळले.

मार्काच्या 8 व्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा आठवला. पहिल्यांदा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, आणि त्याने ते खरेखरे सांगितले. प्रभूने त्याला "सवय होईल" म्हटले नाही. पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले.

आम्हाला वाटते, मुकाट सोसणे म्हणजे विश्वास नव्हे. दवाखान्यात न लाजता विचारावे. आणि मंडळीत कुणी "अजून मनाला शांती नाही" म्हटले, तर "प्रार्थना करा, होईल ठीक" एवढे बोलून आपणही मान खाली घालतो ना? त्याच्याजवळ बसून पुन्हा विचारू या.