पिंजरा नक्की कुठे लावायचा?

मागच्या वर्षी सबमिशनच्या धावपळीत एका रात्री होस्टेलच्या ग्रुपवर फोटो आला. मेसच्या मागच्या कंपाउंडवर बसलेला बिबट्या! फोटो इतका हललेला होता की अर्धी पोरं म्हणाली, मांजर आहे. पण सकाळी वनखात्याची माणसं आली, चिखलातले ठसे बघून म्हणाली, "बिबट्याच आहे, आणि हा काही पहिल्यांदा आलेला नाही."

झालं! संध्याकाळपर्यंत अर्ज तयार. "पिंजरा लावून बिबट्याला लांबच्या जंगलात सोडावे." त्यावर तिसरी सही माझी होती. आज त्या सहीबद्दलच लिहायचं आहे.

मित्रांनो, आपलं कॉलेज डोंगराला टेकलेलं आहे आणि डोंगरापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आणि भोवती मुंबई-ठाणे. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे मोजले गेले. म्हणजे बिबट्या आपल्याकडे आला, की आपण त्याच्याकडे राहायला गेलो?

बरं, लांब सोडला तर प्रश्न सुटतो का? २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला विद्या अत्रेय यांच्या टीमने रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव 'आजोबा'. हे आजोबा शंभराहून जास्त किलोमीटर चालत, हायवे आणि रेल्वेलाइन ओलांडत थेट मुंबईच्या जवळ पोचले! त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमासुद्धा आला. जुन्नर भागात तर पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असं अत्रेय यांच्याच अभ्यासात दिसलं. अनोळखी जागा, पिंजऱ्यातले हाल, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या हजर. आपण मात्र 'काम झालं' म्हणून खूश!

हे सगळं मला सही केल्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर...

याचा अर्थ भीती खोटी आहे असं अजिबात नाही. २००४ मध्ये याच उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली. आपल्या मेसमधल्या मावशींची खोली त्या कंपाउंडला लागूनच आहे आणि त्यांची मुलगी दुसरीत शिकते. मी त्यांना अर्जाबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "बिबट्या आधीपण यायचा रे. पण तुमचं खरकटं वाढलं तशी कुत्री वाढली, आणि कुत्री वाढली तसा तो रोज यायला लागला."

आपण चार वर्षं सिस्टिम, इनपुट, आउटपुट घोकतो. मावशींनी दोन वाक्यांत अख्खा फ्लोचार्ट काढून दिला! त्या रात्री मेसच्या मागे कुत्री मोजली. अकरा! म्हणजे बिबट्याचं ताट आपणच वाढून ठेवतोय.

आणखी एक गोष्ट. आजोबा म्हातारपणाने गेले नाहीत. २०११ मध्ये मुंबईजवळच्या हायवेवर गाडीखाली गेले. तो रस्ता कोणीतरी इंजिनिअरनेच आखला असणार. आपण रस्ता डिझाइन करताना ट्रॅफिक मोजतो, पावसाचं पाणी मोजतो, मातीची टेस्ट करतो. जनावराची वाट मात्र ड्रॉइंगवर येतच नाही. आणि ती आणता येते! पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर हायवेवर प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळांपासून वाघांपर्यंत सगळे त्याखालून जाताना दिसले. वर ट्रक, खाली वाघ. उद्या आपल्यापैकी कोणीतरी असंच ड्रॉइंग काढणार आहे. तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पण उद्याचं उद्या. आज काय? मेसचं खरकटं झाकणाच्या डब्यात आणि अंधार पडायच्या आत उचललेलं. मागच्या वाटेवर आणि मावशींच्या दारात दिवे. कुत्र्यांच्या नसबंदीसाठी पालिकेकडे पाठपुरावा. रात्री एकट्याने कानात हेडफोन घालून मागच्या बाजूला फिरणं बंद. आणि बिबट्या दिसलाच तर फोटोसाठी मागे धावायचं नाही, गर्दी करायची नाही, वनखात्याला कळवायचं. यातल्या कशालाच फार मोठं बजेट लागत नाही.

पिंजऱ्याचा अर्ज आम्ही मागे घेतला. झाकणाच्या डब्यांचा आणि दिव्यांचा नवा अर्ज मेस कमिटीकडे दिला आहे. पहिल्या अर्जावर एका संध्याकाळी एकशे चाळीस सह्या झाल्या होत्या. या अर्जावर तीन महिन्यांत सव्वीस!

कागद मेसच्या काउंटरवरच ठेवला आहे. जेवून उठताना ताटात किती टाकलंत ते एकदा बघा आणि मग सही करा.