देवभीरू आणि निर्भय : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अध्यापनातील एक उणीव

मराठी ख्रिस्ती वाङ्मय पदव्युत्तर वर्गांना अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त केलेला मराठीचा गौरव भाषाभिमानाच्या प्रत्येक भाषणात उद्धृत होतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चा (१८५७) उल्लेख केल्यावाचून मराठी कादंबरीच्या उगमाची चर्चा पुढे सरकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा तर आत्मचरित्राचा मानदंडच ठरला आहे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फुलांमुलांचे कवी म्हणून वाङ्मयेतिहासात मानाचे पान मिळाले आहे. तथापि या चारही लेखकांचा अभ्यास कशासाठी होतो, हे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. एकाचा अभ्यास भाषेसाठी, दुसऱ्याचा वाङ्मयप्रकारासाठी, तिसरीचा शैलीसाठी, तर चौथ्याचा निसर्गप्रेमासाठी होतो. ज्या अनुभवामुळे या माणसांनी लेखणी हाती घेतली, तो अनुभव, म्हणजे शास्त्राच्या वाचनातून लाभलेला ईश्वराविषयीचा आदर आणि त्या आदरातून आलेले बळ, मात्र समीक्षेच्या परिघाबाहेरच राहतो. ही उणीव केवळ श्रद्धेच्या दृष्टीने नव्हे, तर वाङ्मयाभ्यासाच्या दृष्टीनेही गंभीर आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील अभ्यासकाला तरी हा प्रश्न परका वाटू नये. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेड येथे निवर्तले आणि त्यांच्यानंतर कोणी देहधारी गुरू न राहता ग्रंथालाच गुरुपद प्राप्त झाले, हा शीख परंपरेतील सर्वांत मोठा निर्णय याच गोदाकाठी झाला. त्या ग्रंथात नरसीच्या नामदेवांची पदेही आहेत. गंगाखेडची जनाबाई आणि आंबेजोगाईचे मुकुंदराज व दासोपंत हेही याच भूमीतले. ग्रंथ हा केवळ वाचनाचा विषय नसतो. ज्याच्यापुढे मस्तक टेकावे आणि ज्याच्या शब्दाने पुन्हा उभे राहावे असे ते आधारस्थान असते, ही जाणीव या परिसराच्या अंगवळणी पडलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्या स्त्रीची तन्मयता ज्या अध्यापकाला समजते, त्याला बायबल उराशी धरणाऱ्या पंडिता रमाबाईंची तन्मयता समजू नये, यास सयुक्तिक कारण दिसत नाही.

येथे एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. बायबलच्या जुन्या करारात परमेश्वराचे भय ही कल्पना वारंवार येते आणि नीतिसूत्रांच्या आरंभीच ज्ञानाचे मूळ या भयात असल्याचे सांगितले आहे. आधुनिक वाचकास हा शब्द खटकतो. भयावर उभारलेला धर्म मनुष्यास दुबळा करतो, असा त्याचा समज असतो. परंतु मूळ हिब्रूतील 'यिरा' या शब्दात भय आणि पूज्यभाव या दोन्ही छटा एकत्र नांदतात. मराठीलाही ही छटा अपरिचित नाही. 'देवाला भिऊन वाग' असे घरातील वडीलधारे माणूस म्हणते, तेव्हा ते शिक्षेची धमकी देत नसते. जे पवित्र आहे त्याची जाण ठेव, एवढेच त्यास सुचवायचे असते. 'देवभीरू' हा शब्द याच जातीचा आहे. त्यात 'भीरू' असले तरी त्याचा अर्थ भित्रा असा कोणी करीत नाही. किंबहुना जो केवळ देवाला भितो, त्याच्या मनात इतर भयांना जागा उरत नाही. आदर आणि बळ यांचा कार्यकारणसंबंध असा आहे, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा गाभा या संबंधात शोधावा लागतो.

या दृष्टीने प्रथम 'ख्रिस्तपुराणा'कडे पाहता येईल. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने रचलेले हे पुराण १६१६ साली राचोल येथे प्रथम छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. साष्टीतील नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे त्याच्यापासून काढून घेतली गेली होती आणि मनाला विसावा देणारे दुसरे काही हाती नव्हते. अशा श्रोत्यांच्या मागणीतून आपला ग्रंथ जन्मास आला, अशी भूमिका ग्रंथारंभीच मांडली आहे. म्हणजे या पुराणाच्या मुळाशी भाषेचा अभिमान नसून एका समाजाची आध्यात्मिक उपासमार आहे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकातील तीन आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही. तरीही पुराण टिकले, कारण लोकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून ठेवल्या. कानडा प्रांतात स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या. अशाच प्रतींच्या आधारे १९०७ साली सालढाणा यांनी मंगळूरहून आणि पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत त्याची आवृत्ती सिद्ध केली. राजसत्तेला जी भाषा नको होती त्या भाषेत, त्याच राजसत्तेच्या धर्माचे पुराण, सामान्य माणसांनी तीन शतके जपले. केवळ भाषासौष्ठवाने एवढे घडत नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली. त्यांच्या धर्मांतरावर विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या बायबल-भाषांतराविषयी मात्र मराठी समीक्षा जवळजवळ मौन पाळून आहे. आयुष्याची अखेरची दीड-दोन दशके त्यांनी या एका कार्याला वाहिली. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. जिची विद्वत्ता संस्कृतावर उभी होती, तीच विदुषी शास्त्र सोपे व्हावे म्हणून संस्कृत शब्द निवडून बाजूला काढीत बसली, हे दृश्य मराठी गद्याच्या इतिहासात अनन्यसाधारण आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनीच केली. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही रमाबाईंचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. हेही विसरता कामा नये की, ज्या इंग्रज धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही धर्मतत्त्वांच्या प्रश्नावर रमाबाईंनी कठोर वाद घातला. शास्त्रींपुढे न वाकलेली ही स्त्री चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही वाकली नाही. तिचा आदर ग्रंथातील ईश्वराविषयी होता आणि म्हणूनच संस्थेचा धाक तिला उरला नव्हता.

टिळक दांपत्याच्या बाबतीतही हेच सूत्र आढळते. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार टिळकांनी वाचावयास घेतला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांना पत्नी, पुत्र व आप्तजन यांचा दीर्घ वियोग सोसावा लागला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची धारणा सुप्रसिद्ध आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन याहून अधिक बोधप्रद आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीने जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, असा निर्णय स्वतःच्या मनाशी केला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरफटत जाणे तिने नाकारले. स्वतःला पटल्यावरच ती त्या वाटेने गेली. 'स्मृतिचित्रां'तील विनोदाची वाखाणणी करताना त्या विनोदाचे मूळ कशात आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्याला हरविण्याची भीती उरलेली नाही, त्यालाच स्वतःच्या दुःखावर असे निखळ हसता येते. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीने शास्त्रकथा ओवीत बांधण्याचे धाडस करावे, हेही त्याच बळाचे फळ होय.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. शास्त्र मनुष्यास बळ देते हे मान्य केले तरी, जेथे आपत्तीच अनाकलनीय असते तेथे ईश्वराविषयीचा आदर हे केवळ सांत्वनाचे निमित्त ठरत नाही काय? लातूर जिल्ह्यात हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर अवघ्या काही तासांत, किल्लारी परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. अशा प्रसंगी 'हे कोणाच्या पापाचे फळ' असा प्रश्न उपस्थित होतो. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला होता.

बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ नेमका हाच प्रश्न हाताळतो. ईयोबाचे पशुधन जाते, चाकर जातात आणि घर कोसळून त्याची मुले त्याखाली मरतात. भेटीस आलेले मित्र त्याला पटवू पाहतात की, त्याच्या हातून पाप घडले असलेच पाहिजे. ईयोब ते मानीत नाही. तो थेट ईश्वराकडे दाद मागतो. वादळातून ईश्वर बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही. तो पृथ्वीच्या पायाविषयी, समुद्राच्या मर्यादेविषयी आणि रानातील पशूंविषयी बोलतो. ग्रंथाच्या अखेरीस दोष लागतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांना. देवाशी भांडणारा ईयोबच खरे बोलला, असा निर्वाळा मिळतो. म्हणजे येथील पूज्यभाव स्पष्टीकरणावर अवलंबून नाही आणि तो पीडिताच्या तोंडावर हातही ठेवीत नाही. विठ्ठलाला खडसावणारी जनाबाई ज्यांच्या परिचयाची आहे, त्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना ईयोब समजावून सांगण्यास फारसे सायास पडणार नाहीत. संतसाहित्याचे अध्यापन करताना हे दोन पाठ शेजारी ठेवले, तर देवाशी भांडण हे अश्रद्धेचे लक्षण नसून श्रद्धेचीच एक प्रगल्भ अवस्था आहे, हे वर्गात सप्रमाण दाखविता येईल.

धर्मग्रंथ अभ्यासक्रमात आणणे म्हणजे धर्मप्रसार करणे, असा दुसरा आक्षेप घेतला जाईल. याचे उत्तर विद्यापीठीय परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरी शिकविल्याने कोणी वारकरी होत नाही आणि लीळाचरित्र शिकविल्याने कोणी महानुभाव होत नाही. परंतु वारकऱ्याची वा महानुभावाची श्रद्धा समजून न घेता ते ग्रंथ शिकविता येत नाहीत, हेही तितकेच खरे. हाच न्याय ख्रिस्ती वाङ्मयाला लावावा, एवढीच अपेक्षा आहे. उलट बाजूने एखादा श्रद्धावान म्हणेल की, शास्त्राकडे वाङ्मय म्हणून पाहणे हे त्याचे अवमूल्यन होय. त्यास रमाबाईंचे उदाहरण पुरेसे आहे. शब्दाशब्दांची चिकित्सा करीत असताना त्यांचा आदर उणावला नाही, वृद्धिंगतच झाला.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही संतभूमी त्याच्या कक्षेत आली. या परिसरातील मराठी विभागांना काही कामे सहज हाती घेता येतील. 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीच्या स्तुतीपुरता उतारा न नेमता त्यातील एखादे संपूर्ण आख्यान नेमता येईल. रमाबाईंचे भाषांतर आणि अन्य मराठी भाषांतरे यांतील एकाच स्तोत्राच्या शब्दकळेची तुलना हा लघुप्रबंधाचा उत्तम विषय होईल. या परिसरात ख्रिस्ती मंडळ्या संख्येने थोड्या आहेत. परंतु त्यांच्या उपासनेत टिळकांची पदे आजही गायिली जातात. ती कोणत्या चालींवर गायिली जातात, कोणत्या प्रसंगी निवडली जातात आणि आजारपणात वा मरणाच्या घरी कोणते पद प्रथम आठवते, याची नोंद विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन करावयास हवी. ग्रंथाचे बळ ग्रंथालयात मोजता येत नाही. ज्या ओठांवर ते शब्द संकटकाळी येतात, तेथेच त्याची प्रचीती येते.

स्टीफन्सचे श्रोते, मुक्ती सदनातील जुळारी स्त्रिया आणि ओवी रचणाऱ्या लक्ष्मीबाई यांनी मराठीला जे दिले, त्याचा भाषिक हिशेब मांडून झाला आहे. ज्या पूज्यभावातून ते आले, त्याचा हिशेब मात्र अद्याप मांडावयाचा आहे, आणि ते काम मराठीच्या अभ्यासकांवाचून अन्य कोणी करणार नाही.