एकाच कावडीत

चीनमध्ये चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यातल्या सप्तमीला ‘छीशी’ असते. त्या दिवशी आता तिथे गुलाब आणि चॉकलेटं खपतात, आणि बाहेरचे लोक तिला ‘चिनी व्हॅलेंटाइन डे’ म्हणून मोकळे होतात. मला हे नाव मुळीच पटत नाही.

स्वर्गात वस्त्रं विणणारी एक मुलगी पृथ्वीवर उतरली आणि तिनं गरीब गुराख्याशी लग्न केलं. संसार झाला, दोन लेकरं झाली. मग स्वर्गाच्या राणीनं तिला ओढून परत नेलं. गुराखी कावडीच्या टोपल्यांत मुलं घालून मागे धावला, तर राणीनं केसातला आकडा काढून आभाळात रेघ मारली. तीच आकाशगंगा. तेव्हापासून एक या काठावर, दुसरा त्या. वर्षातून एकदा, याच सप्तमीला, मॅगपाय पक्ष्यांचे थवे पंखाला पंख भिडवून पूल करतात आणि नवराबायको भेटतात.

ही प्रेमात पडण्याची गोष्टच नव्हे. ही ताटातुटीनंतरही टिकलेल्या संसाराची गोष्ट आहे. सणही मूळचा मुलींचा. चांदण्यात सुईत दोरा ओवायचा, फळं मांडायची आणि त्या विणकरणीकडे हाताला कसब मागायचं.

आभाळातली विणकरीण म्हणजे आपला अभिजित तारा, गुराखी म्हणजे श्रवण. श्रवणाच्या दोन बाजूंचे फिकट तारे ही टोपल्यांतली मुलं. आपल्याकडे याच तीन ताऱ्यांत श्रवणबाळाची कावड पाहतात, दोन्हीकडे त्याचे आंधळे आईबाप. तेच तारे, तीच कावड. कुणी त्यात आईबाप पाहिले, कुणी लेकरं. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प होतो. छीशीही बहुतेक वर्षी आपल्या श्रावणातच येते.

चीनमध्ये आज मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून दूरच्या शहरात राबणारे आईबाप कोट्यवधी आहेत. त्यांतल्या अनेकांना लेकरं दिसतात ती वर्षातून एकदा, नववर्षाच्या सुट्टीत. गुराख्याची गोष्ट त्यांची आहे. ती गुलाबांच्या ढिगाखाली गाडू नये.

पाऊस सरल्यावर, नवरात्रात रात्री आठच्या सुमारास वायव्येला ठळक अभिजित दिसेल आणि त्याच्याहून वर, जवळजवळ डोक्यावर, श्रवण. दोघांमध्ये सुमारे १५ प्रकाशवर्षांचं अंतर आहे. घरातल्या मुलांना ते तारे दाखवा आणि दोन्ही गोष्टी सांगा.