चेहरा दाखवला, पुढे काय?

दर निवडणुकीला आपल्याकडे एकच वाद रंगतो. बुरखा वर करायचा की नाही? एक बाजू ओरडते, बुरख्याआड बोगस मतदान होते. दुसरी ओरडते, आमच्या बायकांच्या इज्जतीला हात घातला. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या उमेदवार माधवी लता मतदान केंद्रात बसलेल्या बायकांना नकाब वर करायला लावत होत्या. त्यांच्यावर गुन्हाही दाखल झाला. तो व्हिडिओ आमच्या मुंब्र्याच्या ग्रुपांवर किती दिवस फिरत होता! मी त्या भांडणात पडले नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. नकाब वर झाला, चेहरा दिसला, मग टेबलामागच्या मतदान अधिकाऱ्याला नेमके काय कळते?

टेबलामागे मी स्वतः बसलेली आहे, म्हणून विचारते. २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला, कल्याणच्या एका केंद्रावर मी मतदान अधिकारी क्रमांक १ होते. म्हणजे यादीची चिन्हांकित प्रत माझ्यासमोर. मतदाराचा क्रमांक शोधायचा, नाव मोठ्याने वाचायचे, ओळखपत्र पाहायचे, यादीतला फोटो पाहायचा, समोरचा चेहरा पाहायचा, लाल पेनाने चौकटीवर तिरपी रेघ मारायची, बाई असेल तर क्रमांकाभोवती गोल. त्या दिवशी आमच्याकडे आठशेच्या आसपास मतदान झाले. सात ते सहा, अकरा तास. हिशेब करा, माणशी पन्नास सेकंदसुद्धा येत नाहीत, आणि त्यातला निम्मा वेळ नाव शोधण्यात जातो. यादीतला फोटो काळापांढरा, टपाल तिकिटाएवढा. काही फोटोंत नुसते काळे डबके आणि त्यात दोन डोळे.

बुरखेवाल्या बायकांसाठी कोपऱ्यात चादर बांधली होती. ती सोय नियमात आहे आणि चांगली आहे. सहकारी म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा, तुमच्यातल्याच आहेत सगळ्या." राग नाही आला, हसू आले. मी मुंब्र्याची, केंद्र कल्याणचे. ड्यूटी मुद्दामच दुसऱ्या मतदारसंघात देतात. माझ्या डोक्यावर ओढणी आहे म्हणून मला कल्याणमधल्या सगळ्या खाला पाठ असणार, असा त्यांचा हिशेब.

अकराच्या सुमारास एक खाला आल्या. पासष्टीच्या असतील. फोटोतली बाई चाळिशीची, गाल भरलेले, आणि समोर दात गेलेला, सुकलेला चेहरा. मी यादी पाहिली, चेहरा पाहिला, पुन्हा यादी. एका मतदान प्रतिनिधीने माझा घोटाळा ओळखला आणि म्हणाला, "ही ती नाहीच." मी खालांना म्हटले, "जरा बाजूला थांबा." पाठीमागे रांग होती. दहा मिनिटांनी पाहिले तर खाला निघून गेलेल्या. मग दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी चहा पिऊन आला. त्याने नाव ऐकले आणि कपाळावर हात मारला. त्या त्याच्या गल्लीतल्या, लहानपणापासून पाहिलेल्या. निरोप गेला, पण त्या परत आल्या नाहीत. संध्याकाळी प्रत बंद करताना त्यांची चौकट कोरी होती.

चूक माझी. नियम स्पष्ट आहे. ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर प्रतिनिधीने दोन रुपये भरायचे, केंद्राध्यक्षाने तिथेच चौकशी करायची, आणि पुरावा आधी आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा. त्याने दोन रुपये भरले नव्हते. त्याच्या नुसत्या बोलण्यावर मी एका बाईचे मत घालवले.

त्यानंतर मी या विषयावर शोधून वाचले. अनोळखी चेहरा आणि फोटो जुळवणे हे काम माणसाला मुळातच जड जाते. १९९७ मध्ये इंग्लंडच्या एका सुपरमार्केटमधल्या कॅशियरना फोटोवाली कार्डे तपासायला सांगितली, तर दुसऱ्याचा फोटो असलेली निम्म्याहून जास्त कार्डे त्यांनी चालवून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. समोर माणूस उभा, फोटो दुसऱ्याचा, तरी त्यांनी १४ टक्के वेळा 'बरोबर' म्हटले. नोकरी जुनी असल्याचाही काही फायदा दिसला नाही. २०११ चा एक प्रयोग तर मला वर्गात करून पाहावासा वाटतो. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध बायकांचे चाळीस फोटो ब्रिटिश लोकांना दिले आणि सांगितले, माणसांप्रमाणे गठ्ठे करा. त्यांनी सरासरी साडेसात गठ्ठे केले. डच लोकांनी? जवळपास सगळ्यांनी दोन. फरक एवढाच की ते चेहरे त्यांच्या ओळखीचे होते. कल्याणच्या त्या प्रतिनिधीची आणि माझी गोष्ट हीच.

मग प्रशिक्षण द्या, असे कुणी म्हणेल. देतात ना. आमची प्रशिक्षणे झाली. कंट्रोल युनिट, व्हीव्हीपॅट, सकाळचे पन्नास मतांचे अभिरूप मतदान, नमुना १७ सी. चेहऱ्यावर एक वाक्य: "ओळख पटवून घ्या." पण जिथे चेहरे जुळवण्याचे खास वर्ग घेतात तिथे तरी काय होते? २०१९ मध्ये अशा चार व्यावसायिक अभ्यासक्रमांची तपासणी झाली. ९३ टक्के प्रशिक्षणार्थींना वाटत होते आपण सुधारलो. प्रत्यक्ष गुणांत सुधारणा जेमतेम. हे वाचून मला आमचे अभिप्राय पत्रक आठवले. जेवणाआधी सगळे शिक्षक 'अत्यंत उपयुक्त' वर खूण करतात आणि घरी जातात.

मी बीएड केले आहे. थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम तिथे पाठ केलेला. उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळल्याशिवाय शिकणे होत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीतही हेच आढळले आहे. जोडी दाखवा, उत्तर घ्या, लगेच निकाल सांगा. चुका कमी होतात. चेहरा गोल की लांबट हे पाहून उपयोग नाही. भुवया पाहा, तीळ पाहा, व्रण पाहा, कान पाहा. कान स्कार्फमध्ये झाकलेले असले तरी भुवया आणि तीळ उघडेच असतात, हिजाब ओढायला सांगायची गरज कुठे आहे? आणि दोघांनी वेगवेगळे पाहून मग मत जुळवले, तर एकट्यापेक्षा बरे होते. यात कसले यंत्र लागते, कसला निधी लागतो? पन्नास जोड्यांचे एक सादरीकरण, एक तास.

मला अकरा तासांत आठशे चेहरे मिळाले आणि एकाचाही निकाल मिळाला नाही. खालांचा मिळाला तो चहा संपला म्हणून. मी किती बनावट माणसे आत सोडली, सोडली की नाही, मला आजही ठाऊक नाही. बोगस मतदार क्वचित येतो आणि दुपारपर्यंत डोळ्यांना 'बरोबर' म्हणायची सवय लागते. अशा वेळी संशय कुणावर जातो? जो चेहरा आपल्याला सर्वांत अनोळखी, त्याच्यावर. मुस्लिम बाईवर, बिहारहून आलेल्या मजुरावर, म्हातारीवर.

तेव्हा 'बुरखा काढा' म्हणणाऱ्यांना माझे सांगणे, उघड्या चेहऱ्याच्या पुरुषांचे फोटोही मी तेवढ्याच आंधळेपणाने जुळवत होते. त्यांच्याबद्दल तुम्ही कधी आवाज केला नाही.

आणि आपल्या पुढाऱ्यांना विचारायचे आहे. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात पर्दानशीन बायकांचे फोटो यादीत नकोत म्हणून वाद नेला गेला, तो तिथे टिकला नाही. फोटो राहणारच आहेत. मग मोहल्ल्यात नवा, स्पष्ट फोटो देण्याची शिबिरे किती घेतलीत? नमुना ८ भरून जुना फोटो बदलता येतो, हे किती खालांना सांगितलेत? बूथवर तुमचा जो मुलगा बसतो, त्याला दोन रुपयांचा नियम माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात त्याला बोलावून सांगा, आणि मतदानाच्या दिवशी अकरा वाजता त्याला चहाला पाठवू नका.