विषाचा डबा आमच्या उशाला का?



पावसाळा सरला की वेळणेश्वर, हेदवी, पालशेतच्या हापूस बागांत पंप सुरू होतात. मोहोर यायच्या आधी एक फवारणी, मग पंधरा-पंधरा दिवसांनी पुढच्या. तुडतुड्याला एक औषध, फुलकिडीला दुसरं, भुरीला तिसरं. बागायतदार त्याला औषध म्हणतो. आपण विष म्हणू या, कारण ते विषच आहे.

हे विष मारतो कोण? कातकरी मारतो, नेपाळहून आलेला गुरखा मारतो. कपाशी कमरेएवढी, आंबा डोक्यावर. गन वर धरली की फवारा उलटून तोंडावर, मानेवर येतो. खाली बाई बॅरलात विष कालवते, काठी नाय मिळाली तर हातानं.

आणि रात्री? मांगराच्या एका कोपऱ्यात विषाचे डबे, पंप, नळी. दुसऱ्या कोपऱ्यात चूल, तांदळाचं गाठोडं आणि निजलेली पोरं. रिकामा डबा धुऊन पाण्याला ठेवतात, कारण घागरीला पैसा नसतो. धुतल्यानं विष जात नाय. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ पोरं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतातलं विष सापडलं.

कुणाला भोवळ आली, ओकाऱ्या झाल्या, की मालकाचं उत्तर तयार असतं : "मजूर निष्काळजी. हातमोजे दिले तरी घालत नाय." यवतमाळात २०१७ साली कपाशी फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हाही हेच ऐकवलं गेलं. मग त्याच सरकारनं नोव्हेंबरात विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच विषांवर साठ दिवसांची बंदी का घातली? चूक मजुराचीच होती, तर बंदी विषावर कशाला?

कायदा काय म्हणतो ते बघा. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. विष वेगळ्या खोलीत ठेवा, नायतर कुलूपबंद कपाटात. हाताळणाऱ्याला अंगभर संरक्षक कपडे, नाकातोंडाला साधन. रिकामे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरा. आता सांगा, खोली कुणाची? कुलूप कुणाचं? विष विकत आणलं कुणी? यातलं एकही मजुराच्या हातात नाय. मग निष्काळजी कोण?

"नको वाटतं तर काम सोडा," असंही म्हणतात. कसं सोडणार? गणपतीला घेतलेली उचल अंगावर असते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाय, त्याला 'नाय' म्हणता येत नाय. खरी गाठ इथंच आहे. सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. कीटकनाशक हाताळताना विषबाधा होऊन मरण आलं तर दोन लाख रुपये. पण कुणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे बागेच्या मालकाला विष बाधलं तर मदत. त्याच्या बागेत विष मारणारा भूमिहीन कातकरी मेला तर कागद नाय म्हणून काहीच नाय. विष आमच्या वाट्याला, भरपाई सातबाऱ्याच्या वाट्याला!

म्हणून वनहक्काचा दावा आणि फवारणीची मागणी ही दोन कामं नव्हेत, एकच आहे. पट्टा मिळेल तेव्हा ताठ उभं राहू. पण तोवर मरायचं नाय. प्रत्येक वाडीनं बैठक घेऊन ठरवावं :

१. विषाचा डबा मांगरात असेल तर तिथं बिऱ्हाड टाकायचं नाय. मालकानं वेगळी खोली आणि कुलूप द्यावं.

२. कपडे, मोजे, बूट, मास्क माणशी एक. पाच जणांत एक जोड चालणार नाय. ते नाय तर फवारणी नाय.

३. साबण आणि धुवायला भरपूर पाणी बागेतच हवं. वाऱ्याच्या तोंडावर फवारणी बंद. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई आणि पोरं विषापासून लांब.

४. डब्यावरचा रंग ओळखा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवं म्हणजे बिनधोक नव्हे.

५. घाम, लाळ सुटली, डोळ्यांपुढं अंधारी आली, हातपाय कापू लागले, तर काम तिथंच थांबवा. कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, लगेच दवाखाना गाठा. डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. कुठलं विष ते डॉक्टरला कळलं तर उपाय चटकन होतो.

एकट्यानं मागितलं तर उद्या काम जाईल. सगळ्या वाडीनं मागितलं तर मोहोर थांबत नाय, मालकालाच यावं लागेल.

हापूस परदेशी जातो, तेव्हा त्यावर विषाचा अंश किती राहिला ते तपासतात. फवारणाऱ्याच्या रक्तात किती उतरलं, ते कोण तपासणार?

जमीन आमच्या हक्काची! जीव आमच्या मोलाचा!