फॅमिली डॉक्टरांना औषधांचे ज्ञान पुरवते कोण?

कष्टकरी माणूस आजारी पडला की प्रथम जातो तो आपल्या वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरकडे. मोठ्या रुग्णालयाची पायरी तो नाइलाज झाल्यावरच चढतो. मुंबईची चाळ असो, सुरतेतील यंत्रमागाची वस्ती असो वा इंदूरचा जुना गिरणी-मोहल्ला असो, या दवाखान्याचे स्वरूप फारसे बदलत नाही. पुढे बाकड्यांची खोली, पडद्याआड तपासणीचे टेबल आणि औषधे बांधून देणारा एक कंपाउंडर. पुष्कळ ठिकाणी फीमध्येच दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात. पाळी सुटल्यानंतर रुग्णांची रीघ लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. देशातील बहुसंख्य बाह्यरुग्णांवर उपचार होतात ते खासगी क्षेत्रात, आणि त्यांतील फार मोठा भाग अशाच दवाखान्यांतून होतो. म्हणूनच या डॉक्टरच्या टेबलावर कोणती माहिती येते आणि ती कोण पाठवितो, हा प्रश्न केवळ वैद्यकीय व्यवसायाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. तो कोट्यवधी श्रमिकांच्या प्रकृतीचा व खिशाचा प्रश्न आहे.

डॉक्टरने महाविद्यालयात जे औषधशास्त्र शिकलेले असते, ते दहा-पंधरा वर्षांत जुने होते. वस्तीत काम करणाऱ्यांपैकी अनेकजण तर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात आणि आधुनिक औषधांचे त्यांचे शिक्षण बव्हंशी व्यवहारातूनच झालेले असते. नवी औषधे मात्र सतत येत राहतात. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरजवळ ग्रंथालय नसते, सल्ल्याला सहकारी नसतो आणि वाचायला सवडही नसते. त्याची कमाई तपासलेल्या रुग्णांच्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे, वाचनात घालविलेला तास हा त्याच्या दृष्टीने बुडालेला तास ठरतो. ही पोकळी भरून काढतो तो औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजेच एम.आर. गुळगुळीत कागदावरचे रंगीत माहितीपत्रक, मोफत नमुने आणि दोन मिनिटांचे पाठ केलेले निवेदन, हाच असंख्य डॉक्टरांचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम होऊन बसला आहे.

या अभ्यासक्रमात काय शिकविले जाते यापेक्षा काय गाळले जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे. तेच औषध दुसऱ्या नावाने निम्म्या किमतीत मिळते, हे त्यात नसते. जुने, स्वस्त व पारखलेले औषध तितकेच गुणकारी आहे, हे नसते. ताप दोन दिवसांत आपोआप उतरेल आणि औषधाची गरजच नाही, हे तर कधीच नसते. विक्रीवर ज्याचा नफा अवलंबून आहे, त्याच्याकडून न विकण्याचा सल्ला मिळेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. येथे एखाद्या डॉक्टरच्या सचोटीचा प्रश्न दुय्यम आहे. अत्यंत प्रामाणिक डॉक्टरही हाती आलेल्या माहितीच्या आधारेच औषध लिहिणार.

या व्यवस्थेचे मोल किती भयंकर असू शकते, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतल्यानंतर २० हून अधिक बालकांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळले गेले होते. कारखानदाराचा व तपासणी यंत्रणेचा अपराध त्यात उघड आहे. परंतु आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. या औषधात क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण होते, आणि असे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. तरीही पावणेदोन वर्षांनंतर तसले औषध लहानग्यांच्या हाती पडतच होते. नव्या औषधाची जाहिरात आठवडाभरात तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचते. धोक्याचा इशारा पोहोचविण्यासाठी मात्र तेवढी तत्पर यंत्रणा कोणाजवळच नाही.

औषधांच्या अशास्त्रीय मिश्रणांची कथाही हीच आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांची त्यात भर पडली. ही मिश्रणे चोरट्या बाजारात विकली जात नव्हती. ती राजरोस चिठ्ठीवर लिहिली जात होती आणि मजूर, शेतकरी, कारकून पदरमोड करून ती विकत घेत होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी थेट खिशातून केला. त्यातील मोठा वाटा औषधांचा असतो, हे कोणत्याही कामगार कुटुंबाला सांगावे लागत नाही.

यावर उपाय काय, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालच्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि १९६१ साली स्थापन झालेली आयडीपीएल यांसारखे सार्वजनिक उद्योग त्या धोरणाचा कणा ठरू शकले असते. पुढे त्यांनाच आजारी पाडण्यात आले. डॉक्टरांसाठी सरकारने काढलेल्या ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’ या मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९७९ साली निघाली आणि चौथी निघण्यास सुमारे तीन दशके लागली! या तीन दशकांत कंपन्यांची माहितीपत्रके एक दिवसही थांबली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नावाने औषधे लिहिण्याची सक्ती करणारे नियम जाहीर केले आणि तीन आठवड्यांच्या आत स्थगित केले. मार्च २०२४ मध्ये औषधविक्रीसाठी नवी आचारसंहिता आली. भेटवस्तू व सहली तिने निषिद्ध ठरविल्या हे खरे. पण तक्रारींचा निवाडा कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांकडे सोपविला आणि डॉक्टरांच्या शिक्षणसभांचा खर्च अटींसह कंपन्यांनी उचलण्याची मुभाही कायम ठेवली.

या संहितेला कायद्याचे बळ असावे, ही मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात कोण गेले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ती याचिका औषध-विक्री प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाची होती आणि तीवर न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारला नोटीस काढली. विक्रीचे उद्दिष्ट पुरे न झाल्यास ज्याची नोकरी धोक्यात येते, तो एम.आर. या व्यवस्थेचा सूत्रधार नाही. तोही तिचा वेठबिगारच आहे.

मूळ नावाच्या औषधांच्या दर्जाची हमी कोण देणार, असा आक्षेप डॉक्टरांच्या संघटना घेतात. तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु छिंदवाड्याचे औषधही व्यापारी नावानेच विकले गेले होते. दर्जा नावाने येत नाही. तो येतो कडक तपासणीने, आणि त्यासाठी सरकारी प्रयोगशाळा व निरीक्षक वाढवावे लागतात. मोबाइलवर सारी माहिती मिळत असताना निराळ्या यंत्रणेची गरज काय, असेही विचारले जाते. वस्तुतः मोबाइलवर माहिती आणि जाहिरात एकाच तोंडाने बोलतात, आणि त्यांतील भेद गर्दीच्या वेळी पारखणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ पासून उपचारांचे सुटसुटीत तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ते उपयुक्त आहेत, पण घेऊन दारोदार जाणारा प्रतिनिधी त्यांना नाही.

निराळी व्यवस्था शक्य आहे, याचे दाखले जगात आहेत. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांसाठी ‘ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या आवृत्त्या आजतागायत नियमित निघतात. तेथे फॅमिली डॉक्टरकडे कुटुंबांची नोंद असते आणि मोबदला प्रामुख्याने नोंदलेल्या माणसांमागे मिळतो, त्यामुळे गोळ्या वाढविण्यात त्याला लाभ नसतो. वेल्समधील ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या खेड्यात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी आपल्या यादीतील सर्व प्रौढांचा रक्तदाब पद्धतशीरपणे मोजला, नोंदी ठेवल्या आणि स्वतःच्या वस्तीलाच अभ्यासाचे क्षेत्र बनविले. जेथे गरज सर्वाधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत दुर्मीळ, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक तितकी ही विषमता तीव्र, हा त्यांचा १९७१ सालचा निष्कर्ष भारतातील कोणत्याही झोपडपट्टीला लागू पडतो. भारतातही तामिळनाडूने १९९५ पासून सरकारी महामंडळामार्फत मूळ नावाने औषधखरेदी करून दाखविली आहे. केरळने २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कुटुंब आरोग्य केंद्रांत रूपांतर सुरू केले. औषधांची निवड विक्रेत्याऐवजी सार्वजनिक संस्थेने केली तर काय साधते, हे अशा प्रयत्नांतून दिसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. औषधविक्रीच्या आचारसंहितेचे दंडनीय कायद्यात रूपांतर झाले पाहिजे. औषधांचे गुण, दोष, किमती व नवे इशारे सांगणारी जाहिरातमुक्त सरकारी पत्रिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत दरमहा प्रत्येक दवाखान्यात पोहोचली पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील औषधशास्त्र विभागांनी आपले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टरांकडे पाठविले पाहिजेत. डॉक्टरांच्या शिक्षणसभांचा खर्च सार्वजनिक निधीतून झाला पाहिजे. कामगार संघटनांनी राज्य विमा दवाखान्यांपासून या कामाला हात घातला, तर वस्तीतल्या डॉक्टरांनाही त्यात ओढता येईल, कारण त्यांतील पुष्कळजण या परावलंबनाला कंटाळलेले आहेत.

डॉक्टरवर विश्वास टाकण्यावाचून आजारी माणसाला गत्यंतर नसते. तो विश्वास ज्या माहितीवर उभा असतो, ती विक्रेत्यांच्या ताब्यात ठेवणे म्हणजे रुग्णालाच त्यांच्या स्वाधीन करणे होय.