मोहरा, इज्जत आणि बहिणींचा हिस्सा

घरातली सोन्याची नाणी ऑनलाइन लिलावात मांडायची म्हटलं, की आपल्यातल्या काही बुजुर्गांना लगेच खानदानाची इज्जत आठवते. तीच नाणी संध्याकाळी रुमालात बांधून सराफाच्या काट्यावर नेली, तर इज्जतीला काही होत नाही. हा दुटप्पीपणा आता बोलून दाखवायला हवा.

सराफ पाहतो वजन आणि कस. मुघल मोहर साधारण अकरा ग्रॅमची, तेवढेच पैसे तो देणार, वर घटही कापणार. मोहरेवरचं बादशहाचं नाव, टांकसाळ, हिजरी सन, जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष, यांची त्याच्या काट्यावर किंमत शून्य. औरंगजेबाच्या नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असतं, म्हणजे आपलं औरंगाबाद. जहांगीरच्या काही मोहरांवर राशींची चित्रं आहेत. हे ओळखणारे गिऱ्हाईक लिलावात भेटतात आणि सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर जातात. अशी मोहर वितळवणं म्हणजे पुस्तक रद्दीत घालणं.

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. सराफाकडचा सौदा दोन माणसांत होतो. किती नाणी गेली, कितीला गेली, हे बहिणींना कळतच नाही. कुरआनात सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, भावाच्या निम्मा. कर्ज आणि वसीयत वजा झाल्यावर जे उरेल, त्यावर तिचा हक्क आहे, भावाची मेहरबानी नाही. "तिच्या लग्नात खर्च केला" ही सबब त्या आयतीत कुठेही नाही. लिलावात प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन आणि शेवटची बोली सगळ्यांसमोर असते. अनेकांना लिलाव नको असतो तो याच कारणाने. इज्जतीचं नाव पुढे केलेलं असतं, लपवायचा असतो हिशेब.

ऑनलाइन म्हणजे फसवणूक, असंही म्हणतात. फसवणूक आहेच. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क आणि कर मागितला जातोय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिला होता. पण ठग ओळखणं अवघड नाही: विक्रीआधीच 'कर' भरायला सांगेल तो ठग. चांगलं लिलावघर आपलं कमिशन विकल्यानंतरच्या रकमेतून कापतं आणि ते आधी लेखी सांगतं.

कायदाही माहीत असावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1918 साली मुंबईत पाडलेली गिनीसुद्धा आता त्यात येते. परदेशी गिऱ्हाइकाने दुप्पट देऊ केले, तरी नाही म्हणायचं. आणि शेतात नांगराला लागलेलं नाणं लिलावात न्यायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. ती खानदानी मालमत्ता नव्हे.

तेव्हा विकायचंच असेल, तर आधी यादी करा. फारसी वाचणाऱ्याकडून प्रत्येक नाणं वाचून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा आणि त्या कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. बहिणींच्या आधी घ्या. ज्या घरात ही यादी करायला विरोध होतो, तिथे मोहरांपेक्षा जास्त काहीतरी दडवलेलं असतं.